डिझेल नावाचा माणूस आणि आमची काळी स्लरी

पीएलमध्ये लाईट गेले की हॉस्टेलच्या मागचा जनरेटर सुरू होतो. आधी दोन-तीन आचके, मग काळ्या धुराचा भपका आणि मग तो ठरलेला धडधडाट. कधी सुरू व्हायला उशीर झाला तर तिसऱ्या मजल्यावरून हमखास कोणीतरी डिझेल संपलं का म्हणून बोंब ठोकतं. मी मेकॅनिकलचा. डिझेल सायकलची गणितं केली, कट-ऑफ रेशो काढला, पीव्ही डायग्राम तर झोपेतही काढीन. पण डिझेल हे कोणाचं तरी आडनाव आहे, त्या आडनावाच्या माणसाला बायको होती, तीन मुलं होती, डोकेदुखी होती, कर्ज होतं, असा विचार कधी केला नव्हता. आणि त्याने हे इंजिन आपण ज्याला डिझेल म्हणतो त्या तेलासाठी बनवलंच नव्हतं, हे तर मला आमच्या प्रोजेक्टमुळे कळलं.

त्याला ते कोळशावर चालवायचं होतं.

प्रोजेक्टचं आधी सांगतो, कारण त्याशिवाय मी या माणसापर्यंत पोचलो नसतो. आमच्या ग्रुपला विषय मिळाला कोळसा-पाणी स्लरीच्या ज्वलनाचा. मिळाला म्हणजे उरला होता. बॅटरी, इलेक्ट्रिक गाड्या वगैरे माल टॉपर मंडळींनी आधीच उचलला होता. स्लरी म्हणजे काय, तर कोळसा पिठासारखा दळायचा, त्यात पाणी घालायचं आणि एखादा टक्का असं रसायन घालायचं की कण एकमेकांना चिकटून तळाशी बसणार नाहीत. चांगल्या स्लरीत वजनाने साठ ते सत्तर टक्के कोळसा असतो, आणि तरी ती पंपाने ढकलता येते, पाइपातून वाहते, नोझलमधून फवारता येते. दिसायला पातळ पिठल्यासारखी, फक्त काळीकुट्ट. एकदा माझ्या पांढऱ्या शर्टावर सांडली, तो शर्ट आता होळीसाठी राखून ठेवलाय.

पाणी घातलेलं जळणार कसं, हा प्रश्न मेसमध्ये प्रत्येकाने विचारला. हिशोब सोपा आहे. एक किलो स्लरीत ७०० ग्रॅम चांगला कोळसा धरला तर त्यातून साधारण २० मेगाज्यूल उष्णता मिळते. उरलेलं ३०० ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला पाऊण मेगाज्यूल लागतं. म्हणजे शंभरातले चार गेले. त्या बदल्यात घन इंधनाचं पातळ इंधन झालं, धूळ उडत नाही, भुकटीच्या स्फोटाची भीती नाही. तेल महाग झालं की जगाला हा सौदा आठवतो, स्वस्त झालं की विसरतो.

आमचा प्रयोग अगदी गरिबाघरचा होता. थर्मोकपलच्या बारीक तारेच्या टोकावर स्लरीचा दीड-दोन मिलिमीटरचा थेंब लटकवायचा, ८०० अंशांच्या छोट्या इलेक्ट्रिक भट्टीत सरकवायचा आणि तापमान नोंदत बसायचं. थेंब आत गेला की तापमान शंभरच्या आसपास येऊन अडतं. पाणी उकळून जाईपर्यंत हलत नाही, आणि ते काही सेकंद बघताना वाटतं की आता काही पेटत नाही. मग आकडा चढायला लागतो. कोळशातले वायू बाहेर पडतात आणि थेंबाभोवती पिवळी ज्योत धरते, सेकंद-दोन सेकंद. ती विझते. आणि मग उरलेला कोळसा ज्योतीशिवाय, नुसता लालभडक होऊन जळत राहतो, चुलीतल्या निखाऱ्यासारखा.

इथेच आमचं गाडं अडलं. आमच्या कोळशाचे कण ४० मायक्रॉनचे. एवढा कण जळायला किती वेळ लागावा ते पुस्तकातल्या सूत्राने काढलं तर उत्तर सेकंदाच्या आत. प्रत्यक्षात निखारा दीड मिनिट जळत होता. तीनदा केलं, तीनदा तेच. सबमिशन परवावर आलेलं. आम्ही काय केलं असेल ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. थर्मोकपल खराब आहे असं एकमेकांना पटवलं, आलेखाची शेपटी कापली, उरलेली रीडिंग्ज सूत्राशी जुळवून टाकली आणि रिपोर्ट बाइंडिंगला दिला.

गाईड सरांनी आलेख पाहिला. रागावले वगैरे नाहीत. थेंब जळून झाल्यावर तारेवर काय उरतं, एवढंच त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, कारण ते आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. तार पुसायची आणि पुढचा थेंब लावायचा, एवढंच करत होतो. सरांनी सगळी रीडिंग्ज पुन्हा घ्यायला सांगितली, आणि भट्टी तापायला तास-दीड तास लागतो तेवढ्यात वाचायला म्हणून रुडॉल्फ डिझेलचं चरित्र हातात दिलं. शिक्षा असावी असं तेव्हा वाटलं. मी ते दोन रात्रींत संपवलं. त्यानंतर बाकीही बरंच शोधून वाचलं, ते का, ते पुढे कळेल.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. वडील थिओडोर मूळचे ऑग्सबर्गचे, धंद्याने बुकबाइंडर, पॅरिसमध्ये चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरातच कारखाना, म्हणजे कारागिराचं घर. पोरगा पॅरिसच्या तंत्रवस्तूंच्या संग्रहालयात जाऊन जुनी यंत्रं बघत बसायचा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मनांना गाशा गुंडाळावा लागला. कुटुंब लंडनला गेलं, तिथे खायचे वांधे. बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते गृहस्थ, बार्निकेल, गणित शिकवायचे. तिथल्या औद्योगिक शाळेत पोरगा पहिला आला आणि चौदाव्या वर्षी त्याने घरी कळवून टाकलं की मी इंजिनिअर होणार. स्कॉलरशिपवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकला गेला.

तिथे त्याला शिकवायला कार्ल फॉन लिंडे होते. लिंडे म्हणजे रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात भेटतात तेच. १८७८ मध्ये एका लेक्चरला लिंडेंनी सांगितलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्केच कामाला लावतं, बाकीची वाया जाते, आणि कार्नोच्या सिद्धांताप्रमाणे यापेक्षा कितीतरी जास्त शक्य आहे. आपल्याकडे अशा वेळी पोरं मागच्या बाकावर मोबाईल बघत असतात. वीस वर्षांच्या डिझेलने वहीच्या समासात लिहून ठेवलं की समतापी ज्वलन प्रत्यक्षात करता येईल का याचा अभ्यास करायचा. ती समासातली ओळ त्याने पुढची पस्तीस वर्षं सोडली नाही. किंवा तिने त्याला सोडलं नाही.

१८७९ च्या परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉईड झाला. पुढची परीक्षा होईपर्यंत तो स्वित्झर्लंडमध्ये विंटरटूरच्या सुल्झर कारखान्यात अनुभवासाठी राहिला. हे विंटरटूर लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे. १८८० मध्ये परीक्षा दिली ती विक्रमी मार्कांनी. लगेच लिंडेंच्या बर्फाच्या धंद्यात पॅरिसला नोकरी, १८८३ मध्ये मार्थाशी लग्न, मग मुलं. दिवसा बर्फ, रात्री इंजिन. काही वर्षं वाफेऐवजी अमोनियाच्या बाफेवर चालणाऱ्या इंजिनामागे घालवली, ते जमलं नाही. १८९० मध्ये बर्लिनला आला तेव्हा त्याच्या हाताशी दाखवण्यासारखं काही नव्हतं, पण कल्पना पक्की झाली होती.

कल्पना अशी. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की दाबानेच ती लालेलाल तापेल. ठिणगी नको, बाहेरची ज्योत नको. मग पिस्टन खाली जायला लागला की इंधन थोडं थोडं सोडायचं. हवा प्रसरण पावताना थंड होऊ पाहते, इंधन जळून ती गरम होऊ पाहते. दोन्हींचा मेळ घातला की तापमान वाढणारच नाही, म्हणजे कार्नोचं सायकल जवळजवळ हातात आलं. २७ फेब्रुवारी १८९२ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं, आणि त्याच वर्षी या सिद्धांतावर त्याचं पुस्तकही निघालं. त्यात दाब किती धरला होता? अडीचशे वातावरण! तेव्हाच्या वाफेच्या इंजिनात दहा-बारा वातावरण म्हणजे भरपूर.

आणि इंधन म्हणून समोर धरलेलं होतं कोळशाची भुकटी. पेटंटमध्ये इतर इंधनंही येतात, पण आकृतीत सिलिंडरच्या डोक्यावर भुकटीचं नरसाळं बसवलेलं आहे. यात वेडेपणा काही नव्हता. जर्मनीत तेल नव्हतं, कोळसा मात्र पोटभर होता. शिवाय त्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती, जी सिलॅबसमध्ये येत नाही. वाफेचं इंजिन म्हणजे बॉयलर, चिमणी, मोठं भांडवल. ते परवडायचं फक्त मोठ्या कारखानदाराला, त्यामुळे छोटा कारागीर मरत होता, त्याच्या वडिलांसारखा. छोटं, काटकसरी, कुठलाही स्वस्त कोळसा खाणारं इंजिन विणकराच्या, सुताराच्या खोलीत बसलं तर तो टिकेल, असं डिझेलला मनापासून वाटत होतं.

ऑग्सबर्गच्या इंजिन कारखान्याचे संचालक हाइनरिश फॉन बुत्स यांनी आधी नकार दिला. डिझेलने दाबाचा आकडा बराच खाली आणला तेव्हा ते तयार झाले. पाठोपाठ क्रुपही आले, वर्षाला ३०,००० मार्क द्यायला कबूल होऊन.

आता मला या चरित्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली जागा. पुस्तक छापून झाल्यावर, १८९३ मध्येच, डिझेलला स्वतःची चूक कळली होती. समतापी ज्वलन करायचं तर इंधन इतकं कमी सोडावं लागतं की पीव्ही डायग्रामवरचं वर्तुळ चिंचोळं होऊन जातं. त्यातून मिळणारं काम हवा दाबण्यात आणि घर्षणातच संपेल, इंजिन स्वतःलाच कसंबसं फिरवेल. खरं काम हवं तर जास्त इंधन जाळावं लागणार आणि तापमान वाढू द्यावं लागणार. म्हणजे पेटंटचा गाभाच गेला. मग त्याने काय केलं? २९ नोव्हेंबर १८९३ रोजी दुसऱ्या पेटंटचा अर्ज केला, ज्यात इंधन सोडण्याचा काळ कमीजास्त करण्याची मोकळीक होती. चूक सुधारली. पण पहिला सिद्धांत चुकला होता असं जगापुढे मोकळेपणाने त्याने सांगितलं नाही. बुत्सचा, क्रुपचा पैसा आत आलेला, पुस्तक बाजारात, पेटंट हीच सगळी मिळकत. मी हे पान वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि बाजूच्या टेबलावर आमचा बाइंडिंग केलेला रिपोर्ट पडला होता. त्याच्याकडे बघवेना.

प्रयोगांचा भाग मात्र वाचावा असा आहे. १० ऑगस्ट १८९३. कारखान्याच्या शाफ्टवरून पट्ट्याने इंजिन फिरवत ठेवलेलं, आत थोडं पेट्रोल सोडलं, आणि असा धडाका झाला की दाब मोजायचा इंडिकेटर फुटून तुकडे उडाले. दाब ऐंशी वातावरणांच्या घरात गेला होता. आपण असतो तर एचओडींना काय सांगायचं याची चिंता केली असती. डिझेल खूश, कारण नुसत्या दाबाने इंधन पेटतं हे सिद्ध झालं होतं. पुढे १७ फेब्रुवारी १८९४ ला, पट्ट्यावर फिरत असताना इंजिनाने एकाएकी उलट पट्ट्यालाच ओढायला सुरुवात केली. डिझेलच्या ते लक्षात आलं नाही. मुख्य फिटरच्या आलं. तो वर उभा होता, त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, आणि त्या टोपीवरून डिझेलला कळलं की इंजिन स्वतःच्या पायावर उभं राहिलंय. मिनिटभर चाललं, ८८ फेरे घेऊन. आपल्या लॅबमधल्या मामांनाही मशीनचा आवाज बदललेला आपल्या आधी कळतो, अनुभव घ्या.

त्यानंतर तीन वर्षं सुधारणा, मोडतोड, पुन्हा सुधारणा. इंधन दाबाच्या हवेने फवारायचं तंत्र बसलं. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक श्रोएटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे १८ अश्वशक्ती आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. जगातलं कुठलंही इंजिन तेव्हा याच्या जवळपासही नव्हतं. इंधन होतं रॉकेल. प्रत्यक्षातला दाब तीस-पस्तीस वातावरण.

कोळसा? कोळशाच्या भुकटीवरही ऑग्सबर्गमध्ये थोडे प्रयोग झाले, पण टिकले नाहीत. कारणं आता कोणीही सांगेल. भुकटी नेमकी मोजून, दर फेऱ्याला सारखीच, दाबाविरुद्ध आत ढकलणं महाकठीण. ती वाटेत साचते, अडकते. जळली तरी राख उरते, आणि राख म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिना, चक्क पॉलिश पेपरची पूड. ती तेलात मिसळली की पिस्टन-रिंगा आणि लायनर दिवसरात्र घासत बसते. ज्या इंधनासाठी सगळा खटाटोप केला तेच बाजूला ठेवावं लागलं, आणि आधी न धरलेलं तेल त्याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

पैसा मात्र आला. अमेरिकेचे हक्क बिअरवाल्या अडॉल्फस बुशने दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये पेटंटांसाठी कंपनी निघाली, तिने ३५ लाख मार्क मोजले. डिझेलने म्युनिकमध्ये राजवाड्यासारखा बंगला बांधला, जमिनींच्या व्यवहारात पैसे घातले आणि तिथेच बुडाला. व्यवहारात आपला गडी कच्चा होता. त्याच वर्षी पहिलं विक्रीचं इंजिन केंप्टनच्या काडेपेटीच्या कारखान्यात लागलं, ६० अश्वशक्तीचं, आणि त्याने खूप त्रास दिला. बाकी ठिकाणहूनही तक्रारी. डिझेलच्या डोक्याने असहकार पुकारला, काही महिने सॅनिटोरियममध्ये काढावे लागले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथेच एक छोटं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, बघणाऱ्या फार थोड्यांना ते कळलं. आपल्या मेसची भाजी पाहिल्यावर मला वाटतं ते तेल योग्य जागी वापरलं.

१९०३ मध्ये त्याने समाजरचनेवर एक पुस्तक लिहिलं. कामगारांनी थोडेथोडे पैसे जमवून स्वतःचे सहकारी कारखाने काढावेत अशी योजना. दहा हजार प्रती छापल्या, खपल्या काहीशे. आपल्या साखर कारखान्यांच्या मुलखात ते पुस्तक कदाचित बरं खपलं असतं. इंजिनापेक्षा हे काम मोठं असं त्याला वाटायचं. छोट्या कारागिराचं इंजिन तर त्याच्या हयातीत झालंच नाही. जड, महाग असं ते मोठ्या कारखान्यांत आणि जहाजांत गेलं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डेन्मार्कचं जहाज डिझेल इंजिनांवर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनला जहाजबांधणी तंत्रज्ञांच्या सभेत त्याने इंजिनाच्या जन्माची कथा मांडली आणि प्राध्यापक रीडलर वगैरे मंडळी तुटून पडली. मुद्दा तोच, वीस वर्षं जुना. पेटंटात लिहिलेलं इंजिन आणि चालणारं इंजिन एक नाही. मग यात डिझेलचं काय, आणि ऑग्सबर्गच्या इंजिनिअरांचं काय? १९१३ मध्ये ल्यूडर्स नावाच्या प्राध्यापकाने डिझेल हे थोतांड आहे अशा थाटाचं पुस्तकच काढलं. माझं मत विचाराल तर टीकाकार अर्धे बरोबर होते. चालणारं इंजिन पेटंटातलं नव्हतं, पण ते चालेपर्यंत चार वर्षं धडाके सहन करणारा माणूस तोच होता. १८९३ मध्येच त्याने आपलं गणित चुकलं एवढं एक पान छापलं असतं तर या लोकांच्या हाती काही राहिलं नसतं.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर चढला. इंग्लंडला जायचं होतं, नव्या डिझेल कारखान्याच्या कार्यक्रमाला. बरोबर दोन ओळखीचे. रात्रीचं जेवण झालं, डेकवर फेरी झाली, दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून तो केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी. बिछाना न वापरलेला. टोपी आणि ओव्हरकोट मागच्या कठड्याजवळ सापडले. डायरीत त्या तारखेला फुली होती. निघण्यापूर्वी त्याने मार्थाजवळ एक बॅग दिली होती, आठवडाभराने उघडायला सांगून. तिच्यात २०,००० मार्क निघाले, आणि बाकीचे कागद बघितल्यावर कळलं की घरात तेवढेच उरलेत. १० ऑक्टोबरला एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. खिशातल्या वस्तू काढून घेऊन प्रेत परत पाण्यात सोडलं. गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचं घर. मुलगा ओयगेन याने त्या ओळखल्या. वय ५५. खून झाला, तेलवाल्यांनी मारलं, हेरांनी मारलं, अशा गोष्टी इंटरनेटवर ढिगाने मिळतील. मला कर्जाचे कागद पुरेसे वाटतात.

आता कोळशाकडे परत, कारण ती गोष्ट त्याच्याबरोबर संपली नाही. ऑग्सबर्गला डिझेलच्या हाताखाली काम केलेला रुडॉल्फ पावलिकोव्स्की म्हणून एक इंजिनिअर होता. त्याने ग्यॉर्लित्सला १९११ पासून भुकटीचं इंजिन हाती घेतलं, १९१६ मध्ये चालवलं, आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या मागे लागला. इंजिन चालायचं. लायनर झिजायचे. नंतर तेल मुबलक झालं आणि विषय पडला. १९७३ आणि १९७९ ला तेल भडकलं तेव्हा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तो पुन्हा उचलला, पण या वेळी भुकटी कोरडी न ठेवता पाण्यात कालवून. भुकटी मोजून आत ढकलायची कशी, या डिझेलच्या दुखण्यावर स्लरी हा उपाय होता. पंपात घाला आणि तेलासारखी फवारा.

सोपं तरीही नव्हतं. पेनसिल्व्हेनियात ईरी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी रेल्वेच्या डिझेल इंजिनात स्लरी घातली. कोळसा दळून दळून पाच मायक्रॉनवर आणलेला, राख धुऊन टक्क्याच्या खाली, जवळजवळ निम्मं पाणी. एवढ्या पाण्यामुळे लवकर पेट घेईना म्हणून आधी थोडं डिझेल फवारून आग धरायची, मग स्लरी. पोलादी नोझलची छिद्रं बघता बघता मोठी व्हायची, म्हणून त्यांना कृत्रिम हिऱ्याचे तुकडे बसवले. रिंगांना टंगस्टन कार्बाइड. १९९१ मध्ये असं लोकोमोटिव्ह रुळावर धावलंसुद्धा. आणि विंटरटूरच्या सुल्झरमध्ये, जिथे टायफॉईडमधून उठलेला डिझेल शिकाऊ म्हणून राहिला होता, तिथे ऐंशीच्या दशकात ७६ सेंटिमीटर बोअरच्या जहाजी इंजिनात स्लरी जाळून बघितली गेली. हे वाचलं तेव्हा मी वही बंद करून थोडा वेळ गच्चीवर जाऊन बसलो. तोवर १९८६ मध्ये तेल कोसळलं होतंच. नव्वदच्या दशकात हे प्रकल्प गुंडाळले गेले.

त्या लोकांच्या रिपोर्टांमध्येच मला आमच्या दीड मिनिटाचं उत्तर सापडलं, किंवा खरं म्हणजे तारेवर सापडलं होतं ते तिथे समजलं. थेंबातलं पाणी उडून जातं तेव्हा कोळशाचे कण सुटे होत नाहीत. ते एकमेकांजवळ ओढले जातात, काही जातींचा कोळसा तापल्यावर मऊ होतो, आणि सगळे मिळून एकच सच्छिद्र गोळा होतो. पुढे जळतो तो गोळा. तुम्ही दळून कण ४० मायक्रॉनचे करा नाहीतर पाचचे, जळताना आकार थेंबाचाच. आमचा थेंब कणाच्या चाळीसपट रुंद. ऑक्सिजन आत झिरपण्याला लागणारा वेळ रुंदीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सोळाशेपट. सेकंदाच्या छोट्याशा भागाचे दीड-दोन मिनिटं होतात ते असे. थर्मोकपल बिचारं खरं बोलत होतं.

हजार आरपीएमच्या इंजिनात पिस्टन वरून खाली यायला ०.०३ सेकंद लागतात. तेवढ्यात सगळं जळायला हवं. म्हणजे दळण्यापेक्षा फवारा बारीक करण्यावर सगळी मदार, आणि तो बारीक करायचा म्हणजे त्याच कुरतडल्या जाणाऱ्या छिद्रांतून जास्त दाबाने. आपल्याकडच्या कोळशात पस्तीस-चाळीस टक्के राख सर्रास असते, त्यामुळे चंद्रपूरचा कोळसा दळून इंजिनात घालायचं स्वप्न कोणी बघू नये. बॉयलरचं वेगळं, तिथे थेंबाला निवांत वेळ असतो.

आम्ही बाइंडिंग सोडवून घेतलं. रिपोर्टमध्ये आता दोन आलेख आहेत, एक सूत्राचा आणि एक भट्टीचा, आणि दोघांमधलं अंतर का आहे यावर चार पानं. पहिला आलेख आम्ही जुळवला होता हेही एका ओळीत लिहिलंय. ती ओळ ठेवायची का यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस भांडण झालं. एक्सटर्नलने ओरलला नेमकं त्यावरच बोट ठेवलं, वीस मिनिटं घाम काढला आणि मार्क काय दिले ते अजून कळलेलं नाही.

जळून गेलेल्या थेंबांपैकी एक शाबूत निघाला. राखेचा पांढुरका गोल, थेंबाएवढाच, आतून पोकळ, फुंकर मारली तर उडेल इतका हलका. कापसावर ठेवून तो काडेपेटीत घातलाय. काडेपेटी कंबशन लॅबच्या डावीकडच्या कपाटात, वरच्या खणात आहे. मामांकडे मागितली तर दाखवतात. फक्त हात लावू नका, आधीचे दोन तसेच फुटले.